तोंडची भाषा, कागदाची भाषा

सांगली जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली, माझं टेबल आहे. वर निळ्या ताडपत्रीचा तुकडा, टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर आणि शाईचं पॅड. आधी इथं आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, बसायचे, मराठी टाइपरायटर घेऊन. ते गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. महिनाभरानं मी येऊन बसले ती बसलेच. येणारी माणसं मला आक्का म्हणतात, त्यांच्या तोंडचं मी कागदावर उतरवते. हे काम तुमचं तुम्हाला कसं करता येईल ते सांगते. त्यात माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. सोमवारी तसाही मला जेवायला वेळ मिळत नाही.

आमच्याकडं एक समज फार पक्का आहे. गावाकडची भाषा अशुद्ध, कचेरीची शुद्ध, म्हणून अर्ज जितका अवघड तितका वजनदार. त्यापायी माणसं घरून चार ओळी लिहून आणतात आणि त्यात 'सदर', 'उपरोक्त', 'विषयांकित' एवढे पेरतात की कुणी कुणाचं काय केलं ते हुडकावं लागतं. मी म्हणते, भाषेला शुद्ध-अशुद्ध विचारू नका, तुझं काम काय ते विचारा. घरच्या बोलीचं काम मन मोकळं करायचं. राग, रडू, भावकीतला कोण कुणाचा कोण, सगळं तिच्यात एका दमात येतं. बाजारच्या भाषेचं काम भाव ठरवायचं, आणि तो शेजारच्याला कळू न देण्याचंही. पुस्तकातल्या प्रमाण भाषेचं काम साताऱ्याच्या माणसाचं नागपुरातल्या माणसाला कळावं एवढं. कचेरीच्या भाषेला फक्त पाच गोष्टी लागतात: कोण, कुठं, कधी, किती आणि काय पाहिजे. ह्या पाच मिळाल्या की फाइल सरकते. नाही मिळाल्या तर कितीही 'उपरोक्त' लिहा.

म्हणून पहिलं काम, वही घ्या आणि जसं तोंडात येतंय तसं लिहा. सुधारू नका. 'न्हाय' तर 'न्हाय', 'गेलतो' तर 'गेलतो'. लिहिता येत नसेल तर नातवाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. पहिल्याच ओळीला कचेरीची भाषा वापरायला गेलात की निम्मी हकीकत घशातच राहते, हे मी रोज बघते.

आता एक उदाहरण घेऊ. पन्नाशीचा एक गडी आला, डोक्याचा टॉवेल काढून बाकावर टेकला आणि म्हणाला, "आक्का, चुलत्यानं बांध कोरला, आन् आता पाणंद बी आडवलीया. बेंदरापासनं वाट न्हाय मला. ऊस कुटनं काडू?"

पाणंद म्हणजे शेताशेतांतून जाणारी गाडीवाट. बोलीत ह्या वाक्याला काही कमी नाही. गावात कुणालाही सांगा, लगेच कळेल. कचेरीत मात्र ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला थांबवून विचारावं लागतं.

'चुलता' म्हणजे बापाचा सख्खा भाऊ का भावकीतला? आमच्याकडं तीन पिढ्यांपलीकडचाही चुलताच असतो. कागदावर पूर्ण नाव, आणि नातं असेल तेवढंच.

'बांध कोरला' हे वेगळं प्रकरण. बांध किती सरकला हे मोजणीशिवाय कुणी सांगू शकत नाही. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाची. हे नाव फक्त पाटीवर आहे, पाटी सोडली तर सगळे 'मोजणी ऑफिस'च म्हणतात. म्हणजे हा अर्ज निराळा, दारही निराळं.

'वाट न्हाय' ह्या दोन शब्दांत बोली दोन गोष्टी एकत्र बांधते. वाट होती आणि कुणी अडवली, तरी 'वाट न्हाय'. वाट मुळातच नव्हती, तरी 'वाट न्हाय'. कायद्याला ह्या दोन वाटा वेगळ्या दिसतात. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढं दावा करायचा, आणि तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. चुकीचं कलम लिहून वर्ष वर्ष हेलपाटे घातलेली माणसं मला माहीत आहेत. एकानंही खोटं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी बोलतात तसं लिहिलं होतं, एवढंच.

राहिला 'बेंदूर', बैलांचा सण. बेंदरानं मला एकदा चांगलंच शिकवलंय. माझं माहेर जत तालुक्यात, पूर्वेकडं, घरात बोलणं कन्नड. आमच्याकडं बैल सजायचे ते ज्येष्ठात, कर्नाटकी बेंदराला. इकडं सासरी बेंदूर आषाढातला, महाराष्ट्रीय. कॅलेंडरात दोन्ही छापलेले असतात, मधे महिन्याचं अंतर. मी ह्या टेबलावर नवीन होते तेव्हा एका म्हाताऱ्यानं 'बेंदराच्या दुसऱ्या दिवशी काटं टाकलं', म्हणजे वाट अडवली, असं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात आला माहेरचा बेंदूर. मी जूनमधली तारीख घातली. दावा दाखल झाला डिसेंबरच्या शेवटी. समोरच्या वकिलानं बोटावर महिने मोजून दाखवले, सहा उलटून गेले म्हणाला. खरं तर त्याचा बेंदूर जुलैतला होता आणि दावा मुदतीत होता. दुरुस्तीचा अर्ज, तारखा, पुन्हा तारखा. म्हाताऱ्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण पुढच्या वर्षी तो दुसऱ्या टेबलाला गेला.

तेव्हापासून मी कॅलेंडर टेबलावरच ठेवते. सणाची, हंगामाची, यात्रेची तारीख कुणी सांगितली की पान उघडून त्यांच्या पुढ्यात बोट ठेवते, 'हाच का?' तुम्हीही तेच करा. 'लागणीच्या वक्ताला', 'हळद काढताना', 'थोरलीच्या लग्नाआधी' हे वहीत राहू द्या, त्यावरूनच तर तारीख सापडते. अर्जात मात्र तारीख, महिना, साल. पक्की आठवत नसेल तर 'दि. १० ते १५ जुलैच्या दरम्यान' असं लिहा, उगाच एक तारीख ठोकून देऊ नका.

मापाचं तसंच. आपण एकर-गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरचा हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर एकोणीस गुंठे. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच असल्यानं लोक ०.४० ला चाळीस गुंठेच म्हणतात. बोलताना चालतं. अर्जात सातबाऱ्यावर जो आकडा आहे तोच उतरवा, स्वतःचं गणित घालू नका. वाटणीतला 'चार आणे हिस्सा' म्हणजे पाव हिस्सा, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. चार आण्याचं नाणंही आता चलनात नाही.

कचेरीच्या भाषेला लोक घाबरतात. ती कुठून आली ते कळलं की भीती निम्मी कमी होते. अर्ज, मुदत, हरकत, तहसील, वारस, मयत, सबब, सदर हे शब्द अरबी-फारसीतून आले, बादशाही दप्तरातून. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला तो हे शब्द बदलून संस्कृत शब्द आणण्यासाठीच. तरी 'अर्ज' काही हलला नाही. मग महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि सरकारी कारभार मराठीतून करायचा ठरला. त्या काळात अधिनियम, अधिसूचना, अभिलेख हे शब्द रुळले. त्यावर इंग्रजीतले स्टॅम्प, रजिस्टर, प्लॉट. म्हणजे कचेरीची मराठी ही तीन थरांची भाकरी आहे, आणि ती काही कुणाची मायबोली नाही. कारकूनसाहेबसुद्धा घरी जाऊन बायकोला 'सबब चहा ठेवण्यात यावा' म्हणत नाहीत.

ह्यातलं घ्यायचं काय? 'मौजे', 'गट नंबर', 'वारस', 'वहिवाट', 'चतुःसीमा' हे घ्या, ह्यांना नेमका अर्थ आहे आणि दुसरा शब्द घातला तर घोळ होतो. 'सबब' मला आवडतो. हकीकत संपली आणि आता मागणी सुरू झाली, हे तो एका शब्दात सांगतो. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी', 'आपला आज्ञाधारक' हे गाळा. आपण नागरिक म्हणून अर्ज देतो, चाकर म्हणून नाही. आमच्या मालकांचं आणि माझं ह्यावरून भांडण व्हायचं. ते म्हणायचे, दोन शब्द गोड घातले तर काय बिघडतं? बिघडत काहीच नाही, पण दोन ओळी जातात आणि साहेबांची नजर खऱ्या मागणीपर्यंत पोचेस्तोवर चहा येतो.

जुना कागद जोडायचा असेल तर तो आधी नीट बघून घ्या. 'जिल्हा दक्षिण सातारा' दिसलं तर दचकू नका. १९४९ पासून १९६० पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव तेच होतं, सांगली नंतर झालं. आणि अक्षर लागत नसेल, शब्द एकमेकांत गुंतलेले असतील, तर ती बहुतेक मोडी. लोक म्हणतात 'मोडी भाषा'. मोडी ही लिपी आहे, आत भाषा मराठीच असते. त्यामुळं तिचं भाषांतर करायचं नसतं, लिप्यंतर करायचं असतं. मोडी वाचणाऱ्याकडून ओळीला ओळ देवनागरीत उतरवून घ्या, खाली त्याची सही घ्या, आणि मूळ कागदाची झेरॉक्स बरोबर लावा. अंदाजानं वाचणारे गावोगाव आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

एवढं सगळं कचेरीच्या भाषेत केल्यावर, काय बदलायचं नाही ते सांगते. माझ्या मते खरी कसोटी हीच आहे.

एक, शेताचं नाव. 'पिराचं रान', 'खालचा मळा', 'बाभळीची पट्टी'. शिकलेली पोरं हे खोडतात, गावठी दिसतं म्हणून. सातबारा काढा आणि वरच्या भागात बघा. 'शेताचे स्थानिक नाव' असा रकानाच आहे. गट नंबर एकत्रीकरणात बदलला, खातेदार मेले, वाटण्या झाल्या, पण गावातला साक्षीदार त्या जमिनीला नावानंच ओळखतो. म्हणून गट नंबर लिहा आणि पुढं 'स्थानिक नाव : पिराचं रान' हेही लिहा. 'पिराचे शेत' असं सुधारून लिहू नका. ते कुणाचंच नाव नाही.

दुसरं, कुणी तोंडानं काय बोललं ते. धमकी, कबुली, शिवी. इथं प्रमाण भाषा घातली की पुरावा गेला. 'अर्वाच्य शिवीगाळ केली' हे शंभर तक्रारींत असतं आणि शंभरातून काहीच कळत नाही. जे शब्द उच्चारले तेच, अवतरणात. एकदा एक बाई सुनेला घेऊन आली. दीर दारात येऊन नको ते बोलला होता. काय बोलला विचारलं तर बाई पदर तोंडाला लावून बसली. मी बाई असूनही तिच्या तोंडून तो शब्द निघेना. शेवटी ती सुनेच्या कानात बोलली, सुनेनं वहीत लिहिलं, वही माझ्याकडं उलटी सरकवली. मी तसंच्या तसं टाइप केलं आणि छापील कागद घडी घालूनच हातात दिला. पोलिसांत तोंडी फिर्याद देतानाही हेच. तुमचे शब्द तुमच्याच भाषेत लिहायला सांगा, सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, आणि फिर्यादीची नक्कल फुकट मिळते ती मागून घ्या.

तिसरं, फोनवरचे मेसेज. आताची पोरं मराठी लिहितात इंग्रजी अक्षरांत, आणि त्यात 'मला' आणि 'मळा' एकसारखेच दिसतात. एका भावानं भावाला लिहिलं होतं, 'विहिरीकडचा मळा देतो'. दुसरा म्हणाला, 'मला देतो' असं आहे, तो मला पैसे देणार होता. अशा वेळी मेसेज जसाच्या तसा छापून लावा, तारीख-वेळेसकट, आणि त्याचा तुम्हाला लागलेला अर्थ खाली देवनागरीत वेगळा लिहा. दोन्ही एकात मिसळू नका.

बाजारच्या भाषेचं काय? तिचा कागद होत नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. माझे वडील खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल बघायला जायचे. मी एकदा हट्टानं बरोबर गेले होते. दलालानं वडिलांचा हात घेतला, वर टॉवेल टाकला आणि दोघं आभाळाकडं बघत उभे. टॉवेलाखाली बोटं धरायची, सोडायची, परत धरायची. जितकी बोटं तितका आकडा, हजार का शेकडा ते दोघांनाच ठाऊक. भोवती वीस माणसं, एकालाही भाव कळला नाही. मला वाटलं दोघं भांडायला लागलेत. इतकी तयार भाषा, पण तिचं काम सौदा होईपर्यंतच. नंतर बैल लंगडा निघाला म्हणून अर्ज करायचा झाला तर टॉवेलाखालचा साक्षीदार कुठून आणणार? तेव्हा सौदा हवा तर बोटांनी करा, पण पावती अक्षरांत घ्या.

खुणांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. मुक्या-बहिऱ्या माणसांची खुणांची भाषा ही अशी बाजारी युक्ती नाही, ती पुरी भाषा आहे. कायद्यानं असा साक्षीदार खुणांनी किंवा लिहून साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच धरतात. तुमच्या घरात असं कुणी असेल तर 'त्याला काय कळतंय' म्हणून त्याच्या वतीनं परस्पर लिहू नका. त्याच्या खुणा समजणाऱ्याला बरोबर बसवा.

आता माझ्या माहेरची भाषा. मिरजेच्या पूर्वेकडून, जतकडून आलेल्या म्हाताऱ्या खिडकीवर गप्प उभ्या राहतात. कारकून विचारतो, त्या मान हलवतात, तो पुढच्याला हाक मारतो. त्यातल्या एकीला मी रस्त्यातूनच म्हटलं, "बर्री अव्वा, कुंदर्री," म्हणजे या आई, बसा. बाई बसली आणि अर्धा तास थांबलीच नाही. नवरा कधी गेला, थोरल्यानं अंगठा कुठं घेतला, धाकटा कसा मुंबईला गेला, सगळं कन्नडमध्ये. मराठी तिला येत होती, बाजारापुरती. भाजीचा भाव त्या मराठीत सांगता येतो. पोटच्या पोरानं फसवलं हे सांगता येत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणं, गाऱ्हाणं मांडायचं असेल तर राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. हा हक्क ठाऊक असू द्या. पण व्यवहाराचं विचाराल तर मी ऐकते कन्नडमध्ये आणि लिहिते मराठीत, म्हणजे फाइल भाषांतरासाठी पडून राहत नाही. मात्र शेवटी एक ओळ चुकवत नाही: 'वरील मजकूर अर्जदारास कन्नड भाषेत वाचून व समजावून सांगितला, तो त्यांनी बरोबर असल्याचे सांगितले.' खाली अंगठ्याशेजारी वाचून दाखवणाऱ्याचं नाव आणि सही. ही ओळ नसेल तर उद्या कुणीही म्हणेल, म्हातारीला काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं. आणि थोरल्यानं तिला फसवलं होतं तेही असंच, न वाचून दाखवलेल्या कागदावर.

एक राहिलंच, नावं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'आमचं धनी', 'पोराचा बा', फार तर गणपतीच्या मूर्तीकडं बोट. कागदाला नाव लागतं. अशा वेळी ओरडू नका, उखाणा घ्यायला सांगा. मागच्याच महिन्यात ऐंशीच्या एका आजीनं माझ्या टेबलाशी उभं राहून घेतला, "हळदीच्या वाफ्याला पाणी दिलं पाटानं, अमक्या रावांचं नाव घेते कचेरीत थाटानं." अमक्याच्या जागी खरं नाव होतं, ते त्यांच्या फाइलीत आहे. रांगेतल्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी 'मयत' ह्या शब्दापुढं ते नाव टाइप केलं.

प्रकरण वर गेलं तर भाषा पुन्हा बदलते. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कोर्टात मराठी चालते, उच्च न्यायालयात इंग्रजी. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं, त्यामुळं सांगली-साताऱ्याच्या माणसाचा मुंबईचा प्रवास वाचला. इंग्रजी काही वाचली नाही. तिथं गेलात तर वकिलाला आपल्या अर्जातलं शेताचं नाव आणि अवतरणातले शब्द जसेच्या तसे इंग्रजी कागदातही ठेवायला सांगा. 'पाणंद'चं तिकडं काय होतं ते मी पाहिलंय. एका कागदात तिची नुसती 'वाट' झाली होती, आणि बैलगाडी जाते का माणूस, यावर एक अख्खी तारीख गेली.

अर्ज लिहून झाला की मोठ्यानं वाचा, शेजारच्या कुणाला तरी ऐकवा. तो अडला तिथं खुणेचं टिंब द्या आणि ती ओळ दोनात तोडा. मग दोन प्रती काढा. एक आत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही. शिक्का फिका उठला तर तिथंच परत मारून घ्या. पावसाळ्यात पॅड सुकत नाही आणि शाई पसरते, म्हणून दोन मिनिटं कागद हातात उघडा धरून उभे राहा. घडी नंतर घाला.